तोंडावरची आत्याबाई

आमच्या ऑफिसात साध्या अर्जाला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला महिना लागतो. पण मी तोंडाला लेझर मारून घेतलं ही बातमी जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळी टेबलं फिरून आली. "म्हातारी घोडी, लाल लगाम," कोणीतरी कपाटाआडून म्हणालं. मी ऐकलं. माझं तोंड म्हातारं झालं असेल, कान झालेले नाहीत. मनात म्हटलं, हसा लेकहो, खुशाल हसा. तुमची माय तुमच्या हातचं खाते ना? मग तुमच्या बापाचं काय जातं हसायला!

माझी माय माझ्या हातचं खात नव्हती. एवढीच गोष्ट आहे. बाकी लेझर, सुरकुत्या, डाग हे सगळं त्याच्या मागून आलं.

मी तहसिलीत अव्वल कारकून. लिहिताना माझी मराठी ऑफिसची होते, टिपण्या लिहून लिहून हाताला ते वळण पडलं आहे. राग आला की मात्र वऱ्हाडीच तोंडात येते, आणि या दिवसांत मला राग फार येतो. लग्नाच्या भानगडीत मी पडले नाही. भाऊ पुण्याला. वडील गेले तेव्हा आईला बोरी अरबच्या बाजूच्या आमच्या गावाहून यवतमाळला माझ्याकडे आणलं. दोन खोल्या, पुढे थोडं अंगण, फाटकाशी एक कडुलिंब. आमचं दोघींचं बरं चाललं होतं.

मग ती विसरायला लागली. आधी गॅस बंद करायचं, मग घरचा रस्ता, मग वडील गेले हेच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की एक दिवस ती तुम्हालाही विसरेल. त्याची मी तयारी करून ठेवली होती. विसरली असती तर सोसलं असतं हो मी. रोज नव्यानं ओळख करून दिली असती. पण ती मला विसरली नाही. ती मला दुसरीच कोणी समजायला लागली.

एका सकाळी मी वरणभाताचा घास तिच्या तोंडाशी नेला. तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर डोक्यावरून पुढे ओढला, पलंगावरून लगबगीनं उतरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "नाई जी आत्याबाई," ती म्हणाली, "मले भूक नाई. तुमी जेवा. मी तुमच्या मांगून खातो."

मी खरंच मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. मागे कोणी नव्हतं.

आत्याबाई म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. आमच्याकडे सून सासूला आत्याबाई म्हणते. ती जाऊन जमाना झाला. मी जन्मले तेव्हाच म्हणे सगळे म्हणाले होते, पोट्टी आजीच्या वळणावर गेली. लहानपणी ते नाकापुरतं होतं. पण पन्नाशी ओलांडली आणि ती पुरतीच वर आली माझ्या तोंडावर. ओठांच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरलेल्या त्या दोन घड्या, लोंबणाऱ्या पापण्या, भुवयांमधली ती उभी आठी, गालांवरचे काळे डाग. आरशात मी नव्हतेच. तीच होती, माझा चष्मा घालून.

आणि ती बाई कशी होती? स्वयंपाकघराची किल्ली कमरेला खोचून फिरायची. दह्यादुधाला सुनेनं हात लावायचा नाही. आई नवी नवी नांदायला गेली तेव्हा तिच्या भातात चिमूटभर राख टाकायची, म्हणजे सून दुसऱ्यांदा मागणार नाही. हे आईनंच मला सांगितलं होतं, तुरी निवडता निवडता, हसत हसत. "तुह्या आजीनं लय राख चारली वं मले," असं म्हणून पदरानं डोळे पुसले होते, तेही हसूनच. आता हसणं कुठं राहिलं. मी ताट पुढे केलं की ती बोटानं भात चाचपडायची आणि हळूच म्हणायची, "राख हाये जी यात."

तिच्यासमोर मी त्याच ताटातले घास खाऊन दाखवले. "पाह्य आई, मी खाल्लं. राख नाई."

"तुमाले चालते जी," ती म्हणाली.

काय काय नाही केलं मी! भिंतीवरचा आजीचा फोटो काढून माळ्यावर टाकला. केस काळे केले. साडी सोडून पंजाबी ड्रेस घातला. आमच्या पोरी उन्हात बांधतात तसा स्कार्फ तोंडाला गुंडाळून घास भरवायला गेले, तर "चोर, चोर" म्हणून ओरडली बिचारी. आरशासमोर उभी राहून वेगवेगळी तोंडं करून पाहिली. कपाळ ताणून, गाल वर ओढून, हसून. हसले तर अजूनच वाईट, कारण आत्याबाई हसायची ती कोणाचं वाटोळं झालं की.

स्वयंपाकाला येणाऱ्या काकूच्या हातून ती थोडंफार खायची. त्या काकूनं दसऱ्याच्या आधीच सांगून ठेवलं, "बाई, कापसाची वेचनी लागली का मी येनार नाई. मंग सांगतलं नाई म्हनान." मी चिडले, ओरडले. पण तिचं काय चुकलं? वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे बाई मिळत नाही, सगळ्या शेतात असतात, आणि तिथं चार पैसे जास्त सुटतात. भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, एखादं चांगलं सेंटर पाहू आपण तिच्यासाठी." मी फोन आपटला. सेंटर म्हणे! माय म्हणजे काय झेरॉक्सचा कागद आहे का, सेंटरवर द्यायला?

आईच्या डॉक्टरांनी तिचं मनगट हातात धरलं आणि ते माझ्याकडे न पाहता बोलले. असंच चाललं तर नाकातून नळी टाकावी लागेल. ती उपटून काढेल, मी म्हणाले, सलाइनसुद्धा उपटलं होतं. मग हात बांधावे लागतील, ते म्हणाले. त्या दिवशी घरी येताना मला रस्ता दिसत नव्हता. माझ्या आईचे हात बांधायचे, का, तर माझं तोंड आत्याबाईसारखं आहे म्हणून.

तसंच रडत येताना चौकात तो फलक दिसला. एका बाईचा गुळगुळीत चेहरा आणि खाली लिहिलेलं, वाढतं वय थांबवा, ऑपरेशनशिवाय. रोज त्याखालून जात होते मी. कायले पाहीन? त्या दिवशी स्कूटी बाजूला लावली आणि जिना चढले.

कातडीची डॉक्टर म्हणजे पोरगीच होती, माझ्या भाचीएवढी. काय त्रास आहे विचारलं. मी म्हटलं, तोंड. ती म्हणाली, तोंडावर नेमकं कुठे? मी म्हटलं, सगळंच. मग सगळं सांगितलं, अगदी राखेसकट. तिनं पेन खाली ठेवलं.

"काकू, मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "लेझरनं कातडी सुधारते. बारीक सुरकुत्या कमी होतात, डाग फिके होतात, थोडी ताजी दिसाल. पण या खोल घड्या पुसल्या जात नाहीत. नाकडोळे तेच राहतात. चेहरा बदलत नाही. आणि आपली कातडी सावळी, जास्त जोर दिला तर उलट काळी पडते."

"थोडी ताजी दिसले आणि तेवढ्यात तिनं ओळखलं तर?"

तिनं संमतीचा कागद पुढे सरकवला, मी सही केली. बुडणाऱ्याला काडीचा आधार म्हणतात ना, तसं झालं होतं माझं.

तोंडाला बधिर करणारं मलम लावून बसवून ठेवलं. मग डोळ्यांवर झाकणं घातली आणि ती यंत्राची दांडी गालावर टेकवत टेकवत पुढे न्यायला लागली. टिक, टिक, टिक. प्रत्येक टिकसरशी गरम सुया टोचल्यासारखं व्हायचं, आणि कणीस भाजताना त्याचे केस जळतात तसा वास यायचा. माझ्याच तोंडाचा वास तो. ती पोरगी सारखी विचारत होती, सहन होतंय ना काकू? मी मान हलवत होते. मनात एकच चाललं होतं. जळ, आत्याबाई, जळ. जिवंतपणी माह्या मायले उपाशी मारलं, आता तरी सोड तिले.

घरी आले तेव्हा तोंड लालबुंद सुजलं होतं आणि त्यावर बारीक ठिपकेच ठिपके. दार उघडून काकू किंचाळलीच, "माय वं! काय करून आल्या हे!" तिच्या मागे आई उभी होती. मी उंबऱ्यावरच थांबले. आता पदर ओढते, आता भिंतीला टेकते, असं वाटत होतं.

आई पुढे आली. तिनं हात वर केला आणि उलट्या पंजानं माझं कपाळ चाचपलं.

"अवं," ती म्हणाली, "माह्या पोट्टीले माता आली."

तुमच्यातल्या तरुणांना सांगायला हवं. अंगावर कांजिण्यांसारखं पुरळ उठून ताप आला की आमच्याकडे त्याला माता आली म्हणतात. लहानपणी मलाही आली होती. मग औषध नाही, डॉक्टर नाही. लेकराला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवायचं, पाल्यानंच वारा घालायचा, घरात फोडणी द्यायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, सगळं थंड खायला द्यायचं आणि गावाबाहेरच्या मातामायच्या दगडावर पाणी घालायचं. आईनं सगळं केलं होतं तेव्हा. आणि आता, जिला सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, तिचं यातलं एक अक्षर चुकलं नाही. आपल्या पायांनी फाटकापर्यंत गेली, डहाळी ओढून पाला तोडला, माझ्या उशाशी ठेवला. काकूला दरडावून म्हणाली, "फोडनी देऊ नको घरात. पोट्टीच्या आंगाची आग होते." तांब्या घेऊन मातामाय शोधायला निघाली आणि कॉलनीच्या कोपऱ्यात मोजणीवाल्यांनी रोवलेल्या हद्दीच्या दगडावर पाणी घातलं. जन्मभर हद्दीच्या भांडणांच्या फायली हाताळल्या मी, पण अशा दगडाला कोणी हात जोडलेले पाहिले नव्हते.

मी रजा टाकली. दहीभात कालवून आणला आणि भीत भीत तिच्या पुढ्यात धरला. तिनं वाटी माझ्याच हातातून घेतली. एक घास माझ्या तोंडात घातला, आणि "खा वं बाई, गिळ," म्हणत दुसरा तिनं स्वतःच्या तोंडात घातला. राख चाचपली नाही. मी तिची जिवणी हलताना पाहत होते, गिळताना गळ्याची शीर वरखाली होताना पाहत होते. ती मला तू म्हणत होती. किती दिवसांनी मला कोणी तू म्हटलं! डॉक्टरनं रडू नका म्हणून बजावलं होतं, खारं पाणी झोंबेल म्हणून. झोंबलं तर झोंबलं.

खोटं कशाला बोलू, ते दिवस माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते. पन्नाशीची बाई मी, पाल्यावर निजत होते आणि माय वारा घालत होती. तिच्या गालांवर जरा रंग आला. काकू म्हणाली, "पाहा, बुढी जित्ती झाली."

मग ठिपके वाळले, खपल्या झडल्या. खालून कातडी निघाली ती खरंच चांगली निघाली, ते नाही म्हणत नाही. डाग फिके झाले, गाल तुकतुकीत दिसायला लागले. ऑफिसात ज्या बायका कपाटाआड हसल्या त्याच हळूच डॉक्टरचा पत्ता विचारायला आल्या.

आणि त्या सकाळी मी वाटी घेऊन आईसमोर बसले, तर तिनं पदर ओढला. उतरली. भिंतीला टेकली. हात जोडले तिनं. "आत्याबाई," ती म्हणाली, "पोट्टीले माता आलती जी. म्हनून दह्याले हात लावला. पुन्हा नाई लावनार."

सुंभ जळला, पण पीळ काही गेला नाही. उलट आत्याबाई उजळून, तुकतुकीत होऊन परत आली होती. मी वाटी तिथंच ठेवली आणि न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले. नळ बंद केला तरी रडणं बंद होईना.

पुढच्याच आठवड्यात काकू वेचणीला गेली. मी दुधाचा कप आईजवळ ठेवायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन लपायची. कधी ती दोन घोट घ्यायची, कधी मांजर प्यायचं. कुंकू कालवून तोंडावर ठिपके काढून पाहिले. तिनं अंगठ्यानं एक ठिपका पुसला, अंगठा पाहिला आणि घाबरून लुगड्याला पुसून टाकला. ती पोरीची आई होती, तिला असं फसवता येणार नव्हतं.

कातडीच्या डॉक्टरकडे गेले. म्हटलं, पुन्हा करा. ती म्हणाली, "इतक्या लवकर नाही. आणि काकू, रिझल्ट किती छान आलाय!"

"आग लागो त्या रिझल्टला," मी ओरडले. "मला लाली पाहिजे. ते ठिपके पाहिजेत."

"म्हणजे तुम्ही मला भाजायला सांगताय," ती म्हणाली. "ते मी करणार नाही." तिनं मला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. चांगली पोरगी आहे. पण तिच्या चांगुलपणानं माझ्या मायचं पोट भरत नव्हतं. मी थांबले. कातडी निवली असं तीच म्हणाली त्या दिवशी शहाण्यासारखी जाऊन बसले आणि घड्या अजून कमी करायच्या आहेत म्हटलं. तोवर आईच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या.

या खेपेला तिनं जे करू नका म्हणून बजावलं होतं ते सगळं मी केलं. मलम लावलं नाही. डोकं उघडं टाकून भर दुपारी पायी घरी आले, ऊन तोंडावर घेत. तोंड नुसतं पेटलं होतं. चांगलं पेटू दे, मी म्हणत होते, लवकर बरं होऊ नको बाप्पा.

आईनं पाहिलं. ओळखलं! "पोट्टे," म्हणाली. मी दहीभाताची वाटी घेऊन धावतच आले. तिनं कपाळ चाचपलं, गालांवरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं, आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"माता दुसऱ्यांदा येत नाई कोनाले," ती म्हणाली. "एकडाव आली, गेली. हे परत काहून आली?" मग स्वतःशीच मान हलवायला लागली. "माह्यंच चुकलं. पोट्टीचं आंग पेटलं होतं अन् मी तिच्या ताटात जेवली. दहीभात खाल्ला. मातामाय कोपली."

"नाई वं आई! तुह्यं काही नाई चुकलं. हे लेझर आहे. मशीन असते, मी पैसे देऊन करून घेतलं."

"हाव, हाव. तापात बडबडते माह्यी बाई." तिनं तांब्या उचलला. तिला धड उभं राहता येत नव्हतं, मी दंडाला धरून चालत होते. हद्दीच्या दगडावर तिनं पाणी घातलं, वाकून नाक टेकवलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "माय, माह्या पोट्टीचं तोंड साफ होत नाई तवरी मी अन्नाले शिवनार नाई."

मी तिथंच मातीत बसले. आगीतून निघून फुफाट्यात, ते हेच असेल. मी तिच्या पाया पडले, ओरडले, नवस मागे घे म्हणाले. शेजारचे फाटकाशी येऊन पाहायला लागले. दगडापुढे बोललेला नवस मागे घेता येत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

घरी येऊन तिनं मला पाल्यावर बसवलं. वाटी माझ्या हातातून घेतली. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. तिला तू खा म्हणून हातानं खुणा केल्या, वाटी तिच्याकडे ढकलली. तिनं घास पुढे केला. मनगटाची हाडं दिसत होती, पण डोळ्यांत भीतीचा लवलेश नव्हता. ती तिच्या लेकीकडे पाहत होती.

"खा वं बाई," ती म्हणाली. "माही काळजी नको करू. तुह्यं तोंड साफ झालं का मंग मी जेवतो, तुह्याच हातानं जेवतो."

मी तोंड उघडलं.